पलंगाखालचा वीर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवसभर सोफ्यावर लोळणारा, फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारा घरातला कुत्रा रात्री सगळे झोपल्यावर शहर वाचवायला बाहेर पडतो, अशा कल्पनेवरच्या विनोदी अद्भुतकथा आम्ही वाचकांकडून मागवल्या होत्या. कथांबरोबर प्रश्नही आले, आणि काही प्रश्न कथांपेक्षा अधिक रंगतदार निघाले. त्यांपैकी निवडक प्रश्न उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या कथेतला लॅब्रॅडॉर रात्री पाठीवर तांबडी झूल बांधून आकाशात उडतो, चार भाषा बोलतो, संगणक चालवतो आणि शहरावर चालून आलेल्या राक्षसाला एका फटक्यात लोळवतो. नातवंडांनी कथा शांतपणे ऐकून घेतली, पण एकदाही कोणी हसले नाही. कोठे चुकले असावे?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आपल्या कथेतला कुत्रा दुसऱ्या परिच्छेदातच नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी लॅब्रॅडॉरचे कातडे पांघरलेला एक सर्वशक्तिमान माणूस आला आहे, ज्याला कशाचीच अडचण नाही त्याच्याकडे पाहून मुलांना हसू येण्याचे कारण उरत नाही. या प्रकारच्या कथेत अद्भुत गोष्ट एकच असावी, ती म्हणजे कुत्र्याला आपल्या गुप्त कर्तव्याची पूर्ण जाणीव आहे, आणि बाकी सर्व बाबतींत तो शेपटीच्या टोकापर्यंत कुत्राच राहावा. त्याला दाराची कडी काढता येऊ नये, लिफ्टचे बटण उंच असावे, राक्षसाचा माग काढत असताना सुक्या बोंबलाचा वास आला तर त्याची पावले आपोआप तिकडे वळावीत, आणि पहाटे दूधवाला येण्यापूर्वी घरी परतून रात्रभर येथेच झोपलो होतो असा चेहरा त्याला करता आला पाहिजे.

एक उपाय करून पाहावा. आपल्या ओळखीच्या कुत्र्याच्या निरुपद्रवी खोडी एका कागदावर लिहून काढाव्यात आणि प्रत्येक खोडीला एक गंभीर, गुप्त कारण जोडावे. तो दिवसभर झोपतो, कारण रात्रपाळी करून आलेला असतो. बसण्यापूर्वी स्वतःभोवती तीन फेऱ्या मारतो, कारण प्रशिक्षणात तसे शिकवले आहे. मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा पळवतो, कारण ओळख पटवण्यासाठी एक पुरतो आणि दोन नेले तर संशय येतो. कुरिअर घेऊन येणाऱ्या माणसावर रोज भुंकतो, आणि तो माणूस रोज निघून जातो, म्हणजे भुंकणे दर वेळी यशस्वी ठरते. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर हा अखंड विजयाचा इतिहास आहे. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्या वाचकाला यातली प्रत्येक खोड ठाऊक असते, त्यामुळे तो हसतो आणि पुढच्या वेळी आपल्या कुत्र्याकडे किंचित संशयाने पाहतो.

पराक्रमाचे स्वरूपही कुत्र्याच्या अंगचे असावे. बॉम्बशोधक पथकातल्या श्वानाला स्फोटकाचा वास लागला की भुंकायचे नाही, उकरायचे नाही, जागच्या जागी शांत बसायचे असे शिकवलेले असते, कारण उकरण्याचे परिणाम काय होतील हे उघड आहे. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने १९९३च्या बॉम्बस्फोट मालिकेच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून दिले. २००० साली तो गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला इतमामाने निरोप दिला. इतकी मोठी कामगिरी, आणि तिचा कळसाचा क्षण म्हणजे एका कुत्र्याचे खाली बसणे! आपल्या लॅब्रॅडॉरलाही आकाशात उडवू नये. सगळा वाडा आरडाओरडा करीत असताना त्याला एका टोपलीसमोर मुकाट बसवावे, घरच्यांना तो खाऊ मागतो आहे असे वाटू द्यावे, आणि टोपलीत काय आहे हे फक्त वाचकाला कळू द्यावे.

प्रश्न : हा सगळा प्रकार परदेशी चित्रपटांतून आलेला नाही काय? आपल्या परंपरेत कुत्र्याला दाराबाहेरच ठेवले आहे. मराठीत अशी कथा उपरी वाटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दाराबाहेर ठेवले हे खरे, पण दाराबाहेर राहूनही त्याने आपल्या वाङ्मयात जे साधले आहे ते पाहता आपली शंका टिकत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १०८वे सूक्त म्हणजे सरमा नावाची देवांची कुत्री आणि पणी नावाचे गाई दडवून ठेवणारे लोक यांच्यातला संवाद आहे. सरमा इंद्राची दूत म्हणून रसा नदी ओलांडून एकटीच शत्रूच्या मुलखात शिरते. पणी तिला आधी दरडावतात, मग गोडीत येतात आणि तू आमची बहीण हो, गाईंचा वाटा देतो, परत जाऊ नकोस, अशी लालूच दाखवतात. ती बधत नाही. मला भाऊपणही ठाऊक नाही आणि बहीणपणही ठाऊक नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ती त्यांना तेथून निघून जायला सांगते. हेरकथेला आणखी काय लागते?

विनोदाचा भाग नंतरच्या परंपरेने पुरवला. ‘बृहद्देवता’ या ग्रंथातल्या कथेप्रमाणे सरमेला पणींनी दूध देऊ केले आणि ते ती प्यायली. परत आल्यावर इंद्राने गाई दिसल्या का असे विचारले, तर तिने सरळ नाही म्हणून सांगितले. इंद्राने रागाने लाथ मारताच तिने प्यायलेले दूध ओकले आणि थरथरत पुन्हा पणींकडे निघाली. मोहिमेवर गेलेला कुत्रा खाण्यावर घसरतो, घरी येऊन साळसूद चेहरा करतो आणि पोटातल्या पुराव्यामुळे पकडला जातो, हे दृश्य आज कोणत्याही सोसायटीत घडू शकते. ऋग्वेदातली बाणेदार सरमा आणि ही दूध प्यायलेली सरमा यांपैकी विनोदी कथेच्या लेखकाने कोणती निवडावी, हे सांगायला नको.

महाभारताचे तर दोन्ही दरवाजे कुत्र्यांनी राखले आहेत. आदिपर्वात जनमेजय राजाच्या सत्राच्या, म्हणजे दीर्घ यज्ञाच्या, ठिकाणी आलेल्या सरमेच्या पोराला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नसते, मग त्याला तोंड लावणे दूरच. पोर रडत आईकडे जाते, आई थेट राजाच्या यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, आणि उत्तर मिळत नाही तेव्हा तुझ्यावर न दिसणारे संकट येईल असा शाप देऊन निघून जाते. आणि अखेरीस महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून चालत आलेला कुत्रा हा प्रत्यक्ष धर्म निघतो. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही असे सांगतो, युधिष्ठिर त्याच्याशिवाय रथात पाय ठेवायला नकार देतो, आणि मग कुत्रा आपले खरे रूप प्रकट करतो. ‘हा साधा कुत्रा दिसतो, पण तो दुसराच कोणी आहे’ या कल्पनेचा याहून मोठा नमुना आम्हांला माहीत नाही. दत्ताच्या तसबिरीतले चार श्वान आणि खंडोबाबरोबरचा कुत्रा तर प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले आहेत. कथा उपरी वाटत असेल तर दोष कल्पनेचा नाही. कुत्र्यांची नावे, चाळीऐवजी आलेली लाकडी घरे आणि अंगणातले बर्फ यांचा तो दोष आहे.

प्रश्न : माझ्या कथेत बॉम्बला एक लाल आणि एक हिरवी वायर आहे. शेवटच्या क्षणी ‘मोती’ लाल वायर दातांनी तोडतो. दादा म्हणतो की हे चूक आहे. खरे काय?
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : दादाचे बरोबर आहे, पण तुझी कथा त्यामुळे बिघडत नाही, उलट सुधारते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. त्यामुळे त्याला निळा आणि पिवळा रंग नीट वेगळे कळतात, लाल आणि हिरवा मात्र जवळपास सारखेच मळकट दिसतात. म्हणजे बिनतारी यंत्रावरून कोणीतरी ‘मोती, लाल वायर तोड!’ असे ओरडत आहे आणि मोतीला समोर एकाच रंगाच्या दोन वायरी दिसत आहेत. यापेक्षा चांगला पेच तुला शोधूनही सापडला नसता. आता त्याला नाकाने सोडव. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहकपेशी काही दशलक्ष असतात, कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधींच्या घरात जातात. शिवाय श्वास सोडताना त्याची हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा वास फारसा उडून जात नाही आणि त्याला सलग हुंगता येते. ज्या माणसाने वायरी जोडल्या त्याने दुपारी भजी खाल्ली होती आणि शेवटी हात लावला तो एकाच वायरीला, एवढे पहिल्या पानावर सहज सांगून ठेव. खऱ्या बॉम्बजवळ मात्र ना मोतीने जायचे ना तू. तेथे पोलिसांना बोलवायचे.

प्रश्न : कुत्र्यांनी आपसांत कोणत्या प्रकारची मराठी बोलावी? ग्रामीण बोली वापरली तर गंमत येते, पण ती कृत्रिम वाटेल अशी भीती वाटते.
— एक नवोदित लेखक, जळगाव

उत्तर : आपण जी बोली घरात बोलता ती बिनदिक्कत वापरावी, जी बोलत नाही ती केवळ हशासाठी कुत्र्याच्या तोंडी घालू नये, कारण त्यात हसू बोलीचे होते आणि ती बोलणाऱ्या वाचकाला ते बरोबर कळते. आमचा स्वतःचा कल सरकारी पत्रव्यवहाराच्या मराठीकडे आहे. पाण्याच्या टाकीमागे मध्यरात्री बैठक भरली आहे, तळमजल्यावरची वयस्क पामेरियन अध्यक्षस्थानी आहे, आणि कामकाज असे चालले आहे असे समजा :

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्रमांक दोन : बी विंगमधील मांजराचे अतिक्रमण. सन्माननीय सदस्य टायगर यांनी असे निदर्शनास आणून दिले की, सदर मांजर जिन्यावर बसून सदस्यांकडे पाहते. याबाबत योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरत असतानाच बाहेर स्कूटरचा आवाज आल्याने सर्व सदस्य भुंकत निघून गेले व सभा तहकूब झाली.’

शेवटच्या वाक्यासाठीच आधीची सगळी औपचारिकता आहे. भाषा जितकी भारदस्त, तितके त्या स्कूटरमागे धावणे खुलते.

प्रश्न : शेवटी मालकाला सत्य कळावे की नाही?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : शक्यतो कळू नये. श्रेय चुकीच्या ठिकाणी जाणे हे या कथांचे बळ आहे, आणि प्रत्यक्ष इतिहासातही तसेच घडते. १९२५च्या जानेवारीअखेर अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ पसरू लागली, तेव्हा नेनाना येथून त्यावरचे प्रतिविष (सीरम) कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत तुकड्यातुकड्यांनी पोहोचवले गेले. अखेरच्या टप्प्यातल्या गाडीचा म्होरक्या ‘बाल्टो’ जगप्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा ओढणारा ‘टोगो’ मात्र बराच काळ त्याच्या मागे झाकला गेला. आपल्या कथेत मालकाने शेजारच्या अल्सेशियनचे कौतुक करावे आणि आपल्या कुत्र्याला ‘बघ जरा, शीक काहीतरी’ असे म्हणावे. कुत्र्याने जांभई द्यावी.

प्रश्न : नायक कोणत्या जातीचा असावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गावठी असल्यास उत्तम, कारण गुप्तहेराकडे कोणी वळून पाहू नये, हीच त्याची पात्रता. वेगवान साथीदार हवा असेल तर आपल्या भागातला लांब पायांचा, सडपातळ कारवान किंवा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ घ्यावा. मुधोळवर २००५ साली टपाल तिकीटही निघाले आहे.

प्रश्न : माझी मुलगी अशा कथा वाचून आमच्या कुत्र्याला दिवाळीत ‘मोहिमेवर’ नेते आणि परतल्यावर बक्षीस म्हणून लाडू भरवते. तिला कसे समजवावे?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : कथेतूनच समजवावे. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक वारंवारतेचे, आणि मंद आवाजही त्याला आपल्यापेक्षा लांबून कळतात. फटाक्यांच्या रात्री त्याला बाहेर नेणे ही शिक्षा आहे. तिला असे सांगावे की दिवाळीत सर्व गुप्त मोहिमा बंद असतात आणि पलंगाखालची जागा हे मुख्यालय असते, तेथे पडदे ओढून शांतता राखणे हे तिचे काम आहे. लाडवाबाबत मात्र कथेचा आधार न घेता सरळ नियम करावा : लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, चॉकलेट आणि कांदाही त्याला विषारी आहेत, आणि यांपैकी काही पोटात गेल्यास वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. बक्षीस म्हणून उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीचा तुकडा द्यावा. शाकाहारी घरात गाजराचा तुकडाही चालतो, जरी तो स्वीकारताना आपला वीर काय चेहरा करील याची हमी आम्ही देऊ शकत नाही.