समुद्री शेवाळाचं जेल आणि जखमा: तुमचे प्रश्न

यावेळी बहुतेक प्रश्नांत एकच वाक्य आहे, "नॅचरल आहे, मग लावायला काय हरकत?" म्हणून सगळे एकत्रच घेतेय.

पाण्याच्या टाकीत धरतं तेच शेवाळ का हे?

नाही. तपकिरी समुद्री शेवाळातून अल्जिनेट नावाचा पदार्थ काढतात, त्याचं जेल.

एकच पदार्थ कुठे मऊ, कुठे कडक कसा?

अल्जिनेटचा रेणू म्हणजे लांब साखळी, तिच्यात साखरेसारखे दोन घटक असतात, थोडक्यात एम आणि जी. कॅल्शियम मिळालं की जीचे पट्टे एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे जी जास्त तर जेल कडक पण ठिसूळ, एम जास्त तर मऊ आणि लवचीक. कॅल्शियम हळूहळू सोडलं तर जेल आतबाहेर एकसारखं जमतं, एकदम ओतलं तर वरचा थर आधी गोठतो.

वडिलांना डायबेटिस आहे, टाचेची जखम दीड महिना भरत नाहीये. व्हिडिओ बघून अल्जिनेट पावडरचं जेल घरी केलंय, लावू का?

अजिबात नका लावू. खाण्याच्या ग्रेडची पावडर खाण्यासाठी तपासलेली असते, उघड्या जखमेसाठी नाही. शेवाळ समुद्रातले जड धातू शोषून घेतं, शिवाय पावडरमध्ये शेवाळातली पॉलिफिनॉल नावाची रसायनं आणि बॅक्टेरियांची एंडोटॉक्सिनं, म्हणजे विषारी अंश, राहू शकतात, आणि ती घरी उकळून जात नाहीत. 1980 मध्ये लिम आणि सन या संशोधकांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या गोळ्यांत घालून डायबेटिस असलेल्या उंदरांची शुगर खाली आणली, पण पुढे अशा गोळ्यांभोवती शरीर जाड आवरण धरायला लागलं आणि अशुद्ध अल्जिनेट हे त्याचं एक मोठं कारण निघालं. लॅबमधल्यांना जे सांभाळायला इतकं जड गेलं ते पाकिटावर 'शंभर टक्के नॅचरल' छापून सुटत नाही हो! आणि दीड महिना थांबलात कसे? डायबेटिसमध्ये पाय बधिर होतो, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नसतं, इन्फेक्शन हाडापर्यंत जाऊ शकतं. रक्तपुरवठा तपासायला हवा. आजच दाखवा.

जखम कोरडी आहे, अल्जिनेटचं तयार मेडिकल ड्रेसिंग चालेल?

नाही. जखमेतून पाझरणाऱ्या स्रावातलं सोडियम घेऊन, कॅल्शियम सोडूनच त्याचं जेल होतं, स्राव नसला तर ते नुसतं चिकटतं. दुसरं कुठलं ते डॉक्टरांना विचारा.

टोचून दिलेलं जेल शरीरात आपोआप विरघळतं?

सहज नाही, अल्जिनेट तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही.

ड्रेसिंग काढल्यावर पिवळट बुळबुळीत दिसतं, पू असेल?

बरेचदा ते जेलच असतं. सलाइनने धुऊन बघा, धुतल्यावरही वास राहिला किंवा कडेला लाली, गरमपणा, ताप असेल तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.