लग्नाआधी चेहऱ्याचं पील करून घ्यायचं आहे. पार्लरमध्ये करू की स्किन क्लिनिकमध्ये? योग्य व्यक्ती कशी ओळखायची?

लग्न तीन महिन्यांवर आलंय, गालांवर मुरमांचे काळे डाग आहेत आणि जवळच्या पार्लरनं पील-फेशियलचं पॅकेज सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः नाशिकला पार्लर चालवते आणि तरीही सांगते, पील पार्लरमध्ये करू नका. क्लीनअप, साधं फेशियल, थ्रेडिंग हे आमचं काम. त्वचेचा थर उतरवणारं आम्ल (म्हणजेच पील), सुया, लेझर आणि डागांवरची औषधं हे त्वचारोगतज्ज्ञांचं. आम्ही आयटीआयचा कोर्स करतो, कुणी सिडेस्को या आंतरराष्ट्रीय सौंदर्य-संस्थेचा डिप्लोमा करतं. त्वचेची ओळख त्यात नीट होते, पण डाग मुरमाचा की वांगाचा हे ठरवायचा अधिकार त्यानं मिळत नाही.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या शब्दावर जाऊ नका. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी केलंय का ते बघा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि फोनवरच विचारा, पील डॉक्टर स्वतः करणार की स्टाफ? मोठ्या नावाच्या क्लिनिकमध्येही हे विचारायला अजिबात लाजू नका.

माझ्या मते खरी पारख पहिल्या दहा मिनिटांत होते. जाणती व्यक्ती चेहऱ्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? या गोळ्यांवर त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सच्या पट्टीबरोबर सालच निघून येते, म्हणून अशा मुलीला मी वॅक्स करत नाही. रात्री कुठली क्रीम लावता? ओठांवर तापाचे फोड येतात का? दिवस गेलेत का? भिंगाच्या दिव्याखाली पिकलेल्या पुळ्या दिसल्या तर मी मसाज आणि वाफ दोन्ही टाळते आणि डॉक्टरांकडे पाठवते. काही न विचारता थेट पॅकेजचं रेटकार्ड पुढे करणाऱ्यांकडून सरळ उठून या.

पीलबद्दल मी इतकी ठाम आहे त्याला कारण आहे. ग्लायकॉलिक आम्ल 20 टक्क्यांचं असतं तसं 70 टक्क्यांचंही असतं, आणि दिसायला दोन्ही पाण्यासारखीच. कुठलं घ्यायचं, किती मिनिटं ठेवायचं, कधी उतरवायचं यावर सगळं अवलंबून. आपली गव्हाळ-सावळी त्वचा भाजली की तिथे काळा डाग पडतो आणि तो जायला महिनोन्महिने लागतात. म्हणजे ज्या डागांसाठी गेलात, तेच वाढवून घरी याल.

आणखी एक गोष्ट, लेबल नसलेल्या डबीतली 'गोरेपणाची' क्रीम कुणीही दिली तरी घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं, पारासुद्धा. अकोल्यात एका कुटुंबातल्या महिलांच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी 2023 सालची आहे आणि मी ती माझ्या प्रत्येक नवरीमुलीला सांगते. सुयांच्या बाबतीत तर जराही तडजोड नको. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये विनापरवाना स्पात 'व्हॅम्पायर फेशियल' (आपलंच रक्त काढून त्यातला भाग सुयांनी चेहऱ्यात सोडायचा) करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2024 मध्ये नोंदवलं आहे. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

तुमच्याकडे तीन महिने आहेत, तेव्हा याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. चालू असलेल्या सगळ्या क्रीम आणि गोळ्या सोबत न्या. दोन पीलमध्ये काही आठवडे अंतर ठेवावं लागतं, आणि शेवटचं पील लग्नाच्या निदान महिनाभर आधी उरकलेलं बरं. पार्लरचं साधं फेशियल चार-पाच दिवस आधी करा, तेही पूर्वी केलेलं आणि सोसलेलंच.