चित्रपुस्तकाची संहिता आणि मैत्रिणींचा गट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी नागपुरातील एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि लहान मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी गोष्टी लिहिते. आम्ही काही मैत्रिणी दर महिन्याला धरमपेठेत एकीच्या घरी जमून आपापले लेखन वाचून दाखवतो. सगळ्या जणी आपुलकीने ऐकतात आणि कौतुकही करतात, पण प्रकाशकांकडे पाठवलेल्या माझ्या संहिता परत येतात. हा गट सोडावा का? संहिता पाठवण्यापूर्वी चित्रकार शोधणे आवश्यक आहे का?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : गट मुळीच सोडू नये. बैठकीची पद्धत मात्र बदलावी.

आपल्या पत्रावरून असे दिसते की बैठकीत लेखिका स्वतःच आपली गोष्ट वाचते. आपली गोष्ट आपणच वाचली की आवाजातील चढउतार, हातवारे आणि मध्येच दिलेला खुलासा यांमुळे कागदावरच्या उणिवा झाकल्या जातात. मैत्रिणी वाचनाला दाद देतात आणि लेखिकेला ती गोष्टीला मिळाली असे वाटते. शिक्षिकेच्या बाबतीत तर हा धोका अधिकच, कारण वर्ग खिळवून ठेवण्याची कला तिच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणून संहिता दुसरीच्या हाती द्यावी, तिने ती आधी चाळलेली नसावी, आणि लेखिकेने पेन्सिल घेऊन गप्प बसावे. वाचणारी जिथे अडखळेल किंवा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचेल, तिथे खूण करावी. या खुणांइतका प्रामाणिक अभिप्राय दुसरा नाही, कारण तो देताना कोणालाही भीड पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सलग टंकलेल्या मजकुरावरून चित्रपुस्तकाचा अंदाज येत नाही. ए-फोर आकाराचे आठ कागद मधोमध दुमडून टाचले की 32 पानांची कच्ची प्रत, म्हणजे डमी, तयार होते. छपाईचा मोठा कागद दुमडून त्याची 8 किंवा 16 पाने होत असल्यामुळे चित्रपुस्तके बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. 32 पानांच्या पुस्तकातही शीर्षक आणि श्रेयनामावली वगळता गोष्टीच्या वाट्याला साधारण 12 ते 14 जोडपानेच (समोरासमोरची दोन पाने मिळून एक जोडपान) येतात. मजकूर कात्रीने कापून या पानांवर चिकटवावा आणि बैठकीत तीच प्रत वाचावी. कुठल्या पानावर मजकुराची गर्दी झाली आहे आणि कुठे पान उलटायचे काही कारणच उरलेले नाही, हे तेव्हा कोणी न सांगता दिसते.

चित्रकाराने काय दाखवायचे आणि लेखकाने काय सांगायचे, याचा निर्णय हाच या लेखनाचा गाभा आहे. समजा, तान्ह्या पोळ्याची गोष्ट आहे (नागपूरकरांना लाकडी बैलांचा हा सण समजावून सांगायला नको). पहिल्या खर्ड्यात आपण लिहितो : ‘चिंगीने लाल रंगाचा, गळ्यात घुंगरू बांधलेला लाकडी बैल घेतला, पण त्याचे मागचे एक चाक निखळलेले असल्यामुळे तो पुढे जाईना आणि ती हिरमुसली.’ यातील रंग, घुंगरू, चाक आणि चिंगीचा चेहरा हे सारे चित्रात येणारच आहे. मग उरते ते एवढेच : ‘चिंगी निघाली. बैल काही निघेना.’ निखळलेले चाक ऐकणाऱ्या मुलाने स्वतः चित्रात शोधायचे असते, आणि तो शोध मजकुराने आधीच सांगून टाकला तर चित्र केवळ शोभेपुरते उरते. गटात प्रत्येक जोडपानाशी थांबून ‘यातले चित्रातून कळेल ते कोणते?’ एवढाच प्रश्न विचारावा. निम्मा मजकूर तरी गळून पडेल.

मैत्रिणींनी आपल्याला काय दिसले, कुठे कंटाळा आला, कुठे पुढे काय होणार ते आधीच कळले, एवढे सांगावे. उपाय सुचवू नयेत. शेवट असा करा, आजी आणा, एखादा बोध घाला, अशा सूचना प्रेमापोटीच येतात, पण त्या सगळ्या स्वीकारल्या तर गोष्ट कोणाचीच राहत नाही. तुमच्या गोष्टीतला पोरगा ‘काऊन’ म्हणत असेल आणि कोणी त्याचे ‘का’ करायला सांगत असेल, तर नम्रपणे ऐकून घ्यावे आणि ‘काऊन’च ठेवावे.

मुलांसमोर वाचन जरूर व्हावे, परंतु आपल्याच वर्गात नको. मुले आपल्या बाईंचे मन राखतात. दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने डमी वाचावी आणि मुलांनी मध्येच काय विचारले तेवढे टिपून आणावे.

चित्रकाराविषयी थोडक्यात : आधी शोधण्याची गरज नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखन आणि चित्रे दोन्ही करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एरवी चित्रकाराची निवड सहसा प्रकाशकच करतो. चित्रसूचना द्यायच्या त्या, जिथे मजकूर एक म्हणतो आणि चित्राने दुसरेच दाखवायचे आहे, तेवढ्यापुरत्याच.

प्रश्न : गटात कल्पना सांगितल्यास ती दुसरे कोणी वापरेल, अशी भीती वाटते. संहितेची आधी नोंदणी करावी का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क तो लिहिल्यापासूनच असतो, नोंदणी ऐच्छिक आहे. निव्वळ कल्पनेला मात्र कायद्याचे संरक्षण नाही, त्यामुळे लाकडी बैलाची गोष्ट दोघींनी लिहिली तर तक्रारीला जागा नाही. खर्ड्यावर तारीख घालून तो स्वतःलाच ई-मेल करून ठेवावा आणि निर्धास्तपणे वाचून दाखवावा. खरी काळजी घ्यायची ती दुसरीकडे. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या, 2015 मध्ये सुरू झालेल्या स्टोरीविव्हरसारख्या मुक्त ऑनलाइन मंचावर गोष्ट प्रसिद्ध केली, की श्रेय देऊन तिचा अनुवाद किंवा रूपांतर करण्याची मुभा सर्वांना मिळते. गोष्ट अधिकाधिक मुलांपर्यंत पोहोचावी असे वाटत असेल तर हा मार्ग उत्तम आहे, पण तीच संहिता पुढे प्रकाशकाला द्यायची असल्यास आधी त्याला विचारून घ्यावे.