कॉलेज फुटबॉलच्या कोचचा रेकॉर्ड ९-३ आहे, पण शेड्यूल सोपं होतं. मग तो कोच चांगला म्हणायचा का?

तुमचा प्रश्न असा : तुमच्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम ९-३ झाली (नऊ विजय, तीन पराभव), तुम्ही खूश होऊन लॅबमध्ये बोललात, तर अमेरिकन दोस्तांनी एका वाक्यात हवा काढली, 'पण खेळले कोणाशी?' आता कोचला किती श्रेय द्यायचं आणि शेड्यूलला किती, हे कसं ठरवायचं?

मी इंडियानात राहते आणि पोटापाण्यासाठी आकडेवारीचंच काम करते, त्यामुळे हा वाद माझ्या कानावर जरा जास्तच पडलाय. माझं मत आधीच सांगून टाकते. सोपं शेड्यूल असलं म्हणून कोच कच्चा ठरत नाही. त्याच्याबद्दल आपल्या हाती माहिती कमी आहे, एवढंच त्यातून कळतं. रणजीच्या प्लेट गटात कोणी लागोपाठ द्विशतकं ठोकली, तर तो बॅट्समन फालतू होत नाही. मुंबईच्या बोलिंगसमोर तो काय करेल हे अजून बघायचं बाकी असतं. तुमचे दोस्त 'बघायचं बाकी आहे' आणि 'बघितलं, काही दम नाही' यांची गल्लत करतायत.

ही अडचण या खेळाच्या रचनेतच आहे. वरच्या विभागात १३० पेक्षा जास्त टीम आणि एकेकीच्या वाट्याला नियमित हंगामात बाराच मॅच. त्यातल्या आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये (म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या गटात). म्हणजे बहुतेक टीम एकमेकींचं तोंडही बघत नाहीत. अशा वेळी ९-३ आणि ९-३ शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे निव्वळ सोय.

शेड्यूलची काठिण्यपातळी मोजायची जुनी रीत सरळ होती. प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के मॅच जिंकल्या ते बघायचं, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती जिंकल्या तेही बघायचं. पहिल्याला दोन तृतीयांश वजन, दुसऱ्याला एक तृतीयांश. राष्ट्रीय अंतिम सामन्यातल्या दोन टीम ठरवणारी बीसीएस नावाची पद्धत होती, तिच्या सूत्रात १९९८ ते २००३ या काळात हे असंच बसवलेलं होतं. कागदावर ठीक दिसतं, पण दुबळ्या कॉन्फरन्समध्ये दहा मॅच जिंकणारी टीम आणि तगड्या कॉन्फरन्समध्ये सहा जिंकणारी टीम यांत खरी भारी कोण, हे त्यातून नीट कळत नाही.

त्याहून मोठा घोळ सरासरीत आहे, आणि याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. दोन शेड्यूलं डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात बाराही प्रतिस्पर्धी मध्यम. दुसऱ्यात सहा राक्षस आणि सहा अगदी लिंबूटिंबू. सरासरी काढली तर दोन्ही सारखीच 'कठीण'. आता एक उत्कृष्ट टीम घ्या. मध्यम प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तिच्या जिंकण्याची शक्यता ८५ टक्के, राक्षसांविरुद्ध ५५, लिंबूटिंबूंविरुद्ध ९९ (हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत). पहिल्या शेड्यूलवर ती साधारण सात हंगामांतून एकदा १२-० जाईल. दुसऱ्यावर अडतीस हंगामांतून एकदा. उलट एखादी मधली टीम घेतली, तर तिला दुसरं शेड्यूल मुळीच जड नाही : सहा लिंबूटिंबूंना हरवलं की सहा विजय झाले, बोलची (हंगामानंतरच्या खास मॅचची) पात्रता मिळाली, कोचची नोकरी वाचली. म्हणजे शेड्यूल किती कठीण हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी कठीण, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

म्हणून मला उलट दिशेने विचारलेला प्रश्न आवडतो. याच बारा टीमशी, याच मैदानांवर, एखादी बऱ्यापैकी चांगली टीम खेळली असती, तर तिने किती जिंकल्या असत्या? प्रत्येक मॅचची शक्यता मांडायची आणि बेरीज करायची. बेरीज ७.५ आली आणि तुमचा कोच ९ वर असेल, तर दीड विजय त्याच्या खात्यात. बेरीजच ९.२ आली, तर दोस्तांचं म्हणणं बरोबर. ईएसपीएनचं 'स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड' याच जातीचं माप आहे : पहिल्या पंचवीसांतल्या सरासरी टीमला हे शेड्यूल दिलं, तर असा किंवा याहून चांगला रेकॉर्ड होण्याची शक्यता किती? २०२५ च्या हंगामापासून प्लेऑफची (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीची) निवड समितीही 'रेकॉर्ड स्ट्रेंथ' नावाचा असाच एक आकडा समोर ठेवते.

आता इंडियानाकडे येते, कारण या विषयावर याहून चांगला धडा मला माहीत नाही. एकाच युनिव्हर्सिटीचे पाठोपाठचे दोन कोच.

टॉम ॲलन, २०२०. करोनाचं वर्ष, कापलेला हंगाम. इंडियानाने पेन स्टेटला हरवलं, मिशिगनला हरवलं, मिशिगन स्टेटला २४-० धुतलं, विस्कॉन्सिनला त्यांच्याच घरी हरवलं. फक्त ओहायो स्टेटकडून ४२-३५ अशी निसटती हार, आणि शेवटी बोलमध्ये ओल मिसकडून. ६-२. ही मोठमोठी नावं ऐकून इथल्या लोकांचे डोळे पाणावले होते, अतिशयोक्ती नाही. पण त्या वर्षी ही नावं होती कुठे? पेन स्टेट ४-५, मिशिगन २-४, मिशिगन स्टेट २-५, रटगर्स ३-६, मेरिलँड २-३, विस्कॉन्सिन ४-३. हरवलेल्या सहाही टीमची बेरीज केली तर १७ विजय, २६ पराभव. आणि पेन स्टेटवरचा तो विजय? ओव्हरटाइममध्ये ३६-३५. इंडियानाच्या खेळाडूच्या शेवटच्या उडीत चेंडू रेषेला टेकला की नाही, हे रिप्ले लावून बघावं लागलं होतं. पुढे ॲलनचे हंगाम झाले २-१०, ४-८, ३-९. त्याला काढताना युनिव्हर्सिटीला दीड कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले. त्याला वाईट कोच म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण २०२० चं शेड्यूल नावाने मोठं आणि कामाने मध्यम होतं, हे तेव्हाही दिसत होतं. बघायची इच्छा कोणालाच नव्हती.

मग आला कर्ट सिग्नेटी, जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून. २०२४ मध्ये नियमित हंगाम ११-१. आणि इथे सगळं उलटं झालं. देशभर ओरड : खेळले कोणाशी? ओरडीला आधारही होता. कॉन्फरन्सबाहेरच्या तीन मॅच फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय आणि शार्लटशी. जी एकच बलाढ्य टीम वाट्याला आली, त्या ओहायो स्टेटने ३८-१५ ने झोडपलं. प्लेऑफमध्ये नॉत्र दामने २७-१७ ने हरवलं, आणि तो स्कोअरही दिसतो त्यापेक्षा वाईट होता. इंडियानाचे दोन टचडाउन (एकेक सहा-सात गुणांचा) निकाल लागून गेल्यावरचे होते. झालं, टीव्हीवर निवाडा : सोप्या शेड्यूलचा फुगा.

मला तेव्हा वेगळंच खटकत होतं. दुबळ्यांना हरवलं हे खरं, पण कसं? वेस्टर्न इलिनॉयवर ७७-३, मिशिगन स्टेटवर त्यांच्या घरी ४७-१०, परड्यूवर ६६-०. आणि नेब्रास्कावर ५६-७. हीच नेब्रास्का पुढच्याच शनिवारी ओहायो स्टेटच्या मैदानावर २१-१७ इतकी झुंजली. सामाईक प्रतिस्पर्ध्यावरून अनुमान काढताना जपावं लागतं, एका मॅचवर काही ठरत नाही. पण सामान्य टीम दुबळ्यांना हरवते, ती अशी आठवड्यामागून आठवडा चिरडत नाही. शेड्यूल सोपं असतं तेव्हा जय-पराजयाचा रकाना मुका होतो. गुणांचा फरक मात्र बोलत राहतो. आणखी एक गोष्ट निवाडा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली. इंडियानाला हरवणाऱ्या त्या दोन टीम, ओहायो स्टेट आणि नॉत्र दाम, याच त्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोरासमोर होत्या. अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेला माणूस तिसरा असू शकतो, तिसावाही असू शकतो. पुरावा कमी होता, बस.

पुढच्या वर्षी पुरावा आला. २०२५ चं कॉन्फरन्सबाहेरचं शेड्यूल पुन्हा तसंच, ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. पण नंतर ऑरिगनला त्यांच्या मैदानावर ३०-२०, बिग टेन या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटवर १३-१०, रोझ बोलमध्ये अलाबामावर ३८-३, ऑरिगनवर पुन्हा ५६-२२ आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ हरवून विजेतेपद. १६-०. ज्या युनिव्हर्सिटीने २०२४ पूर्वी कधी एका हंगामात दहा मॅचही जिंकल्या नव्हत्या, तिची ही गोष्ट. २०२४ ची शंका घेणारे चूक होते असं मी म्हणणार नाही. शंका रास्तच होती. तिचा निकाल करून टाकणारे चूक होते.

पण यावरून 'मोठा फरक म्हणजे मोठा कोच' असं पाठ करू नका. २०२३ ची लिबर्टी बघा. जेमी चॅडवेलची टीम १३-०, शेड्यूल देशातल्या सर्वात हलक्यांपैकी. फिएस्टा बोलमध्ये ऑरिगनने ४५-६ अशी वाट लावली. २००७ ची हवाई १२-० होती आणि त्यातल्या दोन मॅच तर खालच्या विभागातल्या टीमशी. शुगर बोलमध्ये जॉर्जियाकडून ४१-१०. लिंबूटिंबूंवर चाळीसचा फरक काढणाऱ्या टीम दर वर्षी निघतात. नेब्रास्कासारख्या मधल्या फळीवर काढणाऱ्या फार निघत नाहीत, म्हणून बघायचं ते त्या मधल्या फळीकडे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जेम्स फ्रँकलिन. पेन स्टेटमध्ये १०४-४५, कुठल्याही हिशोबाने सुरेख. पण पहिल्या दहांतल्या टीमविरुद्ध ४-२१. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची गच्छंती झाली ती मात्र ऑरिगनच्या हातून हरल्यावर लगेच नाही. त्यानंतर तोवर एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडून आणि मग नॉर्थवेस्टर्नकडून हरल्यावर झाली. दिग्गजांकडून हरणं लोकांनी वर्षानुवर्षं कुरकुरत सहन केलं, पण जिथे जिंकणं गृहीत होतं तिथे लागोपाठ दोनदा हरल्यावर आठवड्याभरात खेळ खलास.

एक मुद्दा कोचच्या बाजूने. शेड्यूल तो एकटा बनवत नाही. कॉन्फरन्सच्या मॅच कॉन्फरन्स ठरवते, बाहेरच्या मॅचचे करार ॲथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाचा प्रमुख) कित्येक वर्षं आधी करतो. अनेकदा आधीच्या कोचच्या काळातले. पण काही कोच त्यात हात घालतात, आणि उघडपणे घालतात. कॅन्सस स्टेटच्या बिल स्नायडरचं नाव यात सर्वात आधी घेतात. तो १९८९ मध्ये आला तेव्हा टीमने आधीचे दोन हंगाम एकही मॅच जिंकली नव्हती. त्याने कॉन्फरन्सबाहेर मुद्दाम सोपे प्रतिस्पर्धी घेतले, पोरांना जिंकायची सवय लावली, बोलपर्यंत नेलं. लोक हसायचे. १९९७ ते २००० अशी सलग चार वर्षं त्याने प्रत्येकी अकरा मॅच जिंकल्या आणि त्यात १९९८ मध्ये तीस वर्षांनी नेब्रास्काला हरवणंही आलं. माझ्या लेखी ते सोपं शेड्यूल हा त्याच्या कोचिंगचाच भाग होता. सिग्नेटीच्या इंडियानानेही २०२७ आणि २०२८ च्या व्हर्जिनियाबरोबर ठरलेल्या मॅच रद्द केल्यात. प्रेक्षक म्हणून मला याचा राग येतो, कारण तिकिटाचे पैसे आम्ही भरतो आणि बघायला मिळतं इंडियाना स्टेटवर ७३-०.

आणि हा सगळा हिशोब हंगामाचा आहे, माणसाच्या भविष्याचा नाही. स्कॉट फ्रॉस्टची यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी) २०१७ मध्ये बोलआधी १२-० होती. शेड्यूल हलकं म्हणून समितीने बाराव्या क्रमांकावर ठेवली. मग पीच बोलमध्ये तिने ऑबर्नला ३४-२७ हरवलं. याच ऑबर्नने त्या हंगामात जॉर्जिया आणि अलाबामा या दोन्ही अंतिम फेरीवाल्यांना लोळवलं होतं. शंका फिटली म्हणायची. तोच फ्रॉस्ट नेब्रास्काला गेला आणि १६-३१ वर संपला. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाच्या मॅचमध्ये ५-२२. यातलं किती नशीब, किती कोचिंग, यावर नेब्रास्कात अजून भांडणं होतात.

तर तुमच्या ९-३ बद्दल. ते तीन पराभव कोणाकडून आणि किती फरकाने, हे आधी बघा. मग नऊ विजयांतून सर्वात तगड्या आणि सर्वात दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या दोन-दोन मॅच बाजूला काढा आणि उरलेल्या पाचांचे स्कोअर बघा. त्या पाचांत तीन मॅच चौथ्या क्वार्टरमध्ये एखाद्या फील्ड गोलने (तीन गुणांनी) वाचलेल्या असतील, तर दोस्तांशी फार भांडू नका. दोन-दोन टचडाउनच्या फरकाने निवांत जिंकल्या असतील, तर भांडा. प्रतिस्पर्ध्यांचे रेकॉर्ड बघताना हंगाम संपल्यावरचे घ्या. मॅचच्या दिवशीचं रँकिंग सप्टेंबरमध्ये तरी बरंचसं गेल्या वर्षीच्या पुण्याईवर चालतं. कोणती युनिव्हर्सिटी ते तुम्ही लिहिलं नाहीये. कमेंटमध्ये बाराही स्कोअर टाका, अपेक्षित विजयांची बेरीज मी करून देते.