शाळेत शहाणा, घरी आल्यावर फुटतो

प्रश्न: आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलगा 14 वर्षांचा, मराठी शाळेत आठवीला. दोन वर्षांपूर्वी बेळगावात डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं सांगितलं. शाळेत गप्प असतो. सरांची तक्रार एवढीच की डोळ्यांत बघून बोलत नाही. घरी आला की मात्र दप्तर फेकतो, ओरडतो, भिंतीवर डोकं आपटतो. ‘काय झालं?’ विचारलं की ‘माहीत नाही.’ सासूबाई म्हणतात, लाडावलाय. रेल्वेचं वेड इतकं की गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. चार माणसांत नीट वागायला त्याला कसं शिकवू? आणि गणपतीत बेळगावला माहेरी विसर्जन मिरवणुकीला न्यायचं का?

उत्तर: ताई, त्याचं ‘माहीत नाही’ खरं माना. ऑटिस्टिक माणसांपैकी जवळपास निम्म्यांना स्वतःची भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं जड जातं, असं अभ्यासांत दिसलंय. तो उत्तर टाळत नाही, त्याच्याकडे ते तयार नसतं.

घरी होतं तेही लाड नव्हे. वर्गातला गोंगाट, मराठीतून कन्नडच्या तासाला मारायची उडी, डोळ्यांत बघायचा आटापिटा, हे सगळं तो दिवसभर दाबून धरतो आणि भीती नसलेल्या जागी सोडतो. परक्यांसमोर आवरलेलं रडू माणूस घरात येऊनच सोडतो की नाही, असं सासूबाईंना विचारून बघा.

तेव्हा शाळेतून आल्यावर पहिली 40 मिनिटं घरात कुणीही त्याला प्रश्न विचारायचा नाही. पाणी, खायला रोजचंच काहीतरी, टीव्ही बंद, एक ठरलेला कोपरा. तरीही फुटला, तर ती शिकवायची वेळ नाही. बाकीच्यांना बाहेर पाठवा, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा, एकदाच ‘मी इथं आहे’ म्हणा. हात आवळून धरलात तर झटापट वाढते. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. दोन आठवडे वहीत टिपा: वेळ, आधीचे दोन तास, झोप, जेवण, आवाज. आपटणं वाढत असेल किंवा डोक्याला मार लागत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दात, कान दुखणं किंवा बद्धकोष्ठताही मागे असू शकते. ‘मरून जावंसं वाटतं’ असं काही बोलला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता शिकवण्याचं. राग, दुःख, भीती अशी नावं आधी नकोत. शरीरापासून सुरुवात करा. एका आठवड्याला एकच जागा, रोज दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात छाती: दहा उड्या मारून तिथं हात ठेवायचा, काय कळतं ते सांगायचं. मग तळहात (बर्फाचा खडा धरून), मग जबडा, मग पोट. काहीच कळलं नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे, पुढे चला.

महिन्याभराने रेल्वे कामाला येईल. खानापूर, गुंजी, लोंडा, तिनईघाट, कॅसलरॉक ही पाच स्टेशनं एका पट्टीवर त्यालाच लिहू द्या. खानापूर म्हणजे शांत, कॅसलरॉक म्हणजे फुटायच्या बेतात. प्रत्येक स्टेशनावर शरीरात काय होतं ते तोच भरेल. लोंडा जंक्शन आहे, तिथं मार्ग बदलता येतो, त्यामुळे थांबायचं, बाहेर जायचं, कान झाकायचे ते लोंड्यालाच. तिनईघाटाच्या पुढे समजावणं ऐकूच येत नाही. पट्टीवर बोट ठेवलं तरी पुरे, बोलायची सक्ती नको. ही पट्टी बिघडते ती मोठ्यांमुळे: ‘बघ, गेलास परत कॅसलरॉकला’ असा टोमणा एकदा मारला की तो कायम खानापूरच दाखवणार.

शाळेसाठी खिशात मावेल असं एक कार्ड करा: ‘मला पाच मिनिटं बाहेर बसायचंय.’ मागच्या बाजूला तेच कन्नडमध्ये, कन्नडच्या सरांसाठी. ताण चढला की बोलणारी मुलंही मुकी होतात, म्हणून कार्ड. बसायची जागा आधी ठरलेली हवी, आणि कार्ड दाखवल्यावर कारण विचारायचं नाही. शांत असताना आठवडाभर सराव घ्या. चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून ते देऊ नये; ऐन वेळी एकदा नाकारलं तरी मूल त्यावर पुन्हा भरवसा ठेवत नाही. एकाच तासाला कार्ड रोज निघत असेल तर त्या तासात काय होतं ते बघा.

डोळ्यांत बघण्याचा हट्ट सरांना सोडायला सांगा. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांचं नजर देताना ऐकणं सुटतं. ऐकलंय का हे बघायचं तर सांगितलेलं त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मग शिकायचं एकट्या त्यानेच का? वर्गातल्या मुलांनाही शिकवता येतं: अंगावर हात टाकू नये, थट्टा करतोय हे सांगून करावी, उत्तराला दहा सेकंद थांबावं.

हे मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारीख घालून, पोच घेऊन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्या सूचनांप्रमाणे यासाठी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागायचं; आता काय लागतं ते शाळेत विचारून घ्या. यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं) काम आताच सुरू करा, दहावीपर्यंत थांबू नका. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात समावेशक शिक्षणाच्या शिक्षकांची चौकशी करा. कन्नडची सूट घ्यायची तर त्याला विचारून घ्या. आणि घेतली तरी बोलायची कन्नड सोडू देऊ नका, आपल्या भागात बस, बँक, नोकरी सगळीकडे ती लागते.

मिरवणुकीचंही आधी त्यालाच विचारा. नको म्हणाला तर तो घरी आजीजवळ. हो म्हणाला तर बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांत, फाउंड्रीत कामगार कानावर घालतात तसले ईअरमफ घ्या आणि आठवडाभर घरी घालून बघू द्या. दिवसाउजेडी परतीची गल्ली दाखवून ठेवा. 20 मिनिटं ठरवा, आणि त्याने लोंड्यावर बोट ठेवलं की निघा, ढोल-ताशा कितीही जवळ आलेला असला तरी.