कॅन्सर बरा झाला, रिपोर्टही चांगले आले, मग आईला झोप का लागत नाही?

आईंचे ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपून दीड वर्ष झालं, मॅमोग्राफी चांगली आली, तरी त्या रात्री दोनपासून टक्क जाग्या असतात आणि ज्याला विचारावं तो 'टेन्शन घेऊ नका' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. मी कॅन्सरच्या रुग्णांसाठी समुपदेशनाचं काम करते. या एका वाक्यावर पेशंटची बोळवण झाली की मला फार वाईट वाटतं. काळजीने झोप उडते हे खरं, पण काळजी ओसरली म्हणून ती परत येतेच असं नाही.

कॅनडात क्वेबेकमध्ये संशोधक जोझे सावार यांनी कॅन्सरच्या ९६२ रुग्णांच्या झोपेचा १८ महिने मागोवा घेतला. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या सुमारास ५९ टक्के लोकांना झोपेची तक्रार होती. दीड वर्षानंतरही ३६ टक्के लोकांची ती तक्रार होतीच. म्हणजे तुमच्या आई काही जगावेगळ्या नाहीत.

झोप बिघडायला निमित्त एक असतं आणि ती बिघडलेली राहायला कारण दुसरंच असतं. निमित्तं तुम्ही पाहिलीच असतील: निदानाचा धक्का, केमोबरोबरची स्टिरॉइड्स, हार्मोनच्या गोळ्यांमुळे अंगातून निघणाऱ्या वाफा आणि घाम. पण ती बिघडलेली राहते ती बरेचदा आपल्या मायेमुळे. 'तू आराम कर' म्हणत घरचे रात्री नऊलाच दिवा घालवतात, दुपारीही पडायला लावतात. आई नऊ ते सहा अंथरुणात, झोप जेमतेम साडेपाच तास. उरलेला वेळ घड्याळ बघत, 'पुन्हा उलटला तर?' हा विचार घोळवत जातो. महिनोन् महिने असं चाललं की अंथरुणाला पाठ टेकताच जाग येते. दिवसा थकवा आणि चिडचिड, म्हणून पुन्हा लवकर आडवं व्हायचं.

यावरचा उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची खास वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात गोळ्यांआधी हीच द्यावी. कॅन्सरमधून बरे झालेल्या १६० जणांवर ॲक्युपंक्चरशी तिची तुलना झाली. फरक दोन्हींनी पडला, पण सीबीटी-आयने जास्त. योगासनांचाही ४१० जणांवर चांगला अभ्यास आहे. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा सौम्य आसनं आणि प्राणायाम केलेल्यांची झोप सुधारली. आईंना आवडत असेल तर जरूर करू द्या, मात्र हाताला सूज असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

पद्धत सुरुवातीला उलटी वाटते, कारण तीत अंथरुणातला वेळ कमी करतात. दोन आठवडे रोज सकाळी वहीत लिहायचं: कधी पडले, अंदाजे किती झोपले, कधी उठले. सरासरी साडेपाच तास निघाली तर रात्री बारा ते साडेपाच एवढंच अंथरूण, पाच तासांच्या खाली कधीच नाही. जाग आली आणि झोप येईना, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. उठण्याची वेळ रोज तीच. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते. त्या दिवसांत त्यांना स्कूटर चालवू देऊ नका. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे घरी करूच नका. खूप घोरत असतील तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या आजाराची, तपासणी आधी.

वाफांनीच जाग येत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यावर औषधं आहेत, पण त्यांतली काही, उदाहरणार्थ पॅरोक्सेटीन, टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीच्या कामात अडथळा आणतात, म्हणून दुकानातून परस्पर काही आणू नका. पुढच्या फॉलो-अपला ती वही सोबत न्या आणि रुग्णालयात सायको-ऑन्कोलॉजी (कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाची काळजी घेणारा) विभाग असेल तर तिथे दाखवण्यासाठी चिठ्ठी मागून घ्या.