विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर केलेल्या परदेशी सहलीचे तुमचे बरेवाईट अनुभव कोणते?

मुलीला कॉलेजच्या परदेशी सहलीला पाठवावे की नाही, असा प्रश्न तुमच्यापुढे आहे, हे तुम्ही लिहिलेच आहे. आर्किटेक्चरला असताना आमची स्टडी टूर श्रीलंकेला गेली होती. तिच्यात जे चांगले झाले ते एका ठिकाणी निवांत थांबल्यामुळे, आणि जे बिघडले ते बहुतांशी घाईमुळे.

चांगले आधी सांगतो. बेंटोटाजवळ लुनुगंगा ही जेफ्री बावा यांची बाग आहे. बावा मूळचे वकील. ते आर्किटेक्ट झाले १९५७ साली, पण ही जागा त्यांनी १९४८ मध्येच घेतली होती आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत ते ती घडवत राहिले. घरासमोरच्या टेकडीचा माथा त्यांनी उतरवून घेतला, त्यामुळे घरातून पाहताना नजर टेकडीवरून थेट तळ्यापलीकडच्या पांढऱ्या स्तूपावर जाते. आमच्या सरांनी कॅमेरे पिशवीत ठेवायला लावले आणि या दृश्याचा सेक्शन, म्हणजे जागा उभी कापली तर कशी दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र, काढायला बसवले. घर आणि टेकडी यांच्यामधून रस्ता जातो हे ठाऊक असूनही तो कागदावर कुठे दाखवावा हे कोणालाच कळेना. अखेर उठून चालत गेलो, तेव्हा पायांखाली खोलगट भागातून एक सायकलस्वार निघून गेला आणि तो रस्ता इतका खाली का ठेवला आहे, याचा उलगडा झाला: घरातून पाहताना तो दिसूच नये म्हणून. वर्गात सहसा गप्प राहणारी मुलेही त्या दुपारी सरांशी वाद घालत होती.

सिगिरिया या प्रचंड खडकावरच्या प्राचीन किल्ल्यावर याच्या नेमके उलट घडले. त्याच दिवशी दांबुल्लाची लेणी पाहून रात्री कँडीला पोचायचे असल्यामुळे सुमारे १,२०० पायऱ्या भर उन्हात धावतपळत चढलो. पायथ्याशी पाचव्या शतकातली पाण्याची उद्याने आहेत, तिथली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. आर्किटेक्चरचे विद्यार्थी असून आम्ही त्यांच्याजवळून न थांबता निघून गेलो. कँडीत एका मैत्रिणीला ताप भरला आणि एक मॅडम तिच्याजवळ थांबल्या. सोबतीला पुरेसे शिक्षक होते म्हणून निभावले, त्यामुळे किती शिक्षक बरोबर आहेत, हे तुम्ही अवश्य विचारा.

जेवणाचे म्हणाल तर आमटी-भात आणि नारळ यांमुळे आपल्याकडच्या मुलांची आबाळ होत नाही. मात्र नारळाच्या ‘पोल सांबोल’ चटणीत बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो. मुलगी शाकाहारी असेल तर तिला हे आधीच सांगून ठेवा.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. खर्च परवडत नसल्यामुळे वर्गातले काही जण आलेच नाहीत, आणि परत आल्यावर त्याच सहलीवर आधारित, गुण असलेल्या ड्रॉइंग शीट सगळ्यांकडून मागितल्या गेल्या. आमच्यापैकी काहींनी आपली स्केचबुके त्यांना दिली, पण न पाहिलेल्या जागेचा सेक्शन दुसऱ्याच्या रेघांवरून काढायला लावणे हा अन्यायच होता. सहल ऐच्छिक आहे की गुणांसाठी सक्तीची, न येणाऱ्यांसाठी जवळच्या एखाद्या जागेचा अभ्यास ठेवला आहे का, आणि पैसे किती महिने आधी सांगून हप्त्यांनी घेतले जाणार आहेत, हे कॉलेजकडून लेखी मागून घ्या. मुलीला पाठवणे तुम्हाला सहज परवडत असले, तरीही हे मागा.